लुगडं द्या, पोरगी नको

माझ्या आईच्या लग्नातल्या लुगड्यावर खोतांच्या माईंनी गोमूत्र शिंपडलं. माझ्यासमोर. लुगडं मीच घडी घालून नेलं होतं. ते वर ओट्यावर, मी खाली अंगणात. माई पळीनं शिंपडत होत्या.

"नेसलेलं वस्त्र गो ते. त्यातून कुणब्याचं. आमच्या कुसुमच्या अंगाला लागायचं," त्या सुनेला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तू कशाला तोंड पाडत्येस? तुझं काही गेलं नाही."

आईनं ते आदल्याच दिवशी धुऊन वाळवलं होतं.

नवं राज्य झालं होतं. महाराष्ट्र. आमचं गाव बोर्ली पंचतनपासून तासाभराच्या चालीवर. माझ्या जन्माच्या वेळी आमच्याकडे नवाबाचं राज्य होतं, मग मुंबईचं आलं, आता हे तिसरं. खोत तेच. खोती कायद्यानं गेली तेव्हा बाबा पहिल्या काकड्या घेऊन खोतांकडे गेले होते. "गेली तर गेली, अण्णा, पर आमच्यावर राग धरू नका," असं सांगायला. हे बाबा स्वतः सांगायचे, आणि त्यात चूक काय झाली हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

शाळेत समारंभ ठरला. राज्यातले सगळे लोक स्टेजवर आणायचे. कोळी, कुणबी, आगरी, मुसलमान, कातकरी. गुरुजी उत्साही माणूस. त्यांनी सामान गोळा केलं. दिघीहून जाळं आलं, मोहल्ल्यातून जरीची टोपी आली, कातकरवाडीतून तिरकमान आलं, आमच्या घरून लुगडं मागवलं. माणूस एकही मागवला नाही. कोळी झाला गुरुजींचा मुलगा. कातकरी झाला खोतांचा भाचा, तोंडाला काजळी फासून. कुणबीण झाली कुसुम, खोतांची नात, माझ्याच वर्गातली.

मी धीर करून विचारलं, "गुरुजी, कुणबीण मी होते ना."

गुरुजी म्हणाले, "तू आहेसच. तुला आणखी काय व्हायचंय?"

वर्ग हसला. मीही हसले. तेव्हा हसायचीच सवय होती.

मग गुरुजी म्हणाले, भात लावताना बायका गातात ते गाणं कुसुमला जमत नाही, तू पडद्यामागून म्हण, ती नुसतं तोंड हलवेल.

घरी येऊन मी आईला म्हटलं, लुगडं देऊ नकोस.

"खोताच्या नातीसाठी मागणं आलं, न्हाय कोन म्हननार? तू?" आई म्हणाली. "आपलं घर कुनाच्या जागंत हाय?"

घर खोतांच्या जागेत होतं. गावातल्या सगळ्या कुणब्यांचं होतं. बोलणं तिथंच संपायचं. कोंबडी मागितली, द्या. पोर शेण काढायला मागितली, पाठवा. नाही म्हणायचा रिवाजच नव्हता.

समारंभाच्या दिवशी लुगडं कुसुमला मीच नेसवलं. तिच्या आईला ते गुडघ्यावर पटेना. "अगो, खाली घे जरा, चारचौघांत जायचंय तिला!" मी खाली घेतलं.

संध्याकाळी शाळेच्या पटांगणात गॅसबत्त्या लागल्या. पुढे खुर्च्या, खुर्च्यांत खोत आणि तालुक्याचे साहेब. मागे जमिनीवर आम्ही. म्हणजे माझी माणसं. मी पडद्यामागे होते. पडदा म्हणजे घोंगडी. तिच्या फटीतून मला सगळं दिसत होतं.

कोळी येऊन गेला. कातकरी येऊन गेला, लोक पोट धरून हसले. मग कुसुम आली. हात जोडून म्हणाली, "मी कुणबीण. अडाणी मी, भोळी मी. धन्याचं मीठ खाते, धन्याला जागते."

टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात बाबांच्या. हात वर करकरून वाजवत होते आणि शेजारच्याला कोपरानं ढोसत होते. "आमचं लुगडं! वळखलंस काय? आमचं हाय ते!"

इतके खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"हं, म्हण," गुरुजी कुजबुजले.

मी तोंड मिटलं.

"म्हण गो!"

कुसुम तिकडे तोंड उघडून उभी. एकदा मिटलं, पुन्हा उघडलं. कुणीतरी फिसकन हसलं. गुरुजींनी माझ्या दंडाला चिमटा काढला.

"धन्याचं मीठ मी खात न्हाय," मी म्हणाले. "मी न्हाय म्हननार."

घोंगडी ती. आवाज अडला नाही. पुढच्या खुर्च्यांपर्यंत गेला.

दुसऱ्या सकाळी बाबांनी मला खोतांच्या अंगणात उभं केलं. खोत झोपाळ्यावर होते. ओरडले नाहीत. ते कधीच ओरडत नसत.

"पोरीला शाळेत घातलीस ती ह्यासाठी?"

"चुकलं, अण्णा. ल्हान हाय."

"तिला म्हणू दे."

"पाय धर," बाबा म्हणाले. मी उभीच. "धर म्हनतो ना! तोंड काय बघतेस?" मी हलले नाही. बाबांनी मला कानाखाली मारली. त्याआधी कधी मारलं नव्हतं.

खोत म्हणाले, "राहू दे. माफी मागेपर्यंत तिनं शाळेची पायरी चढायची नाही. आणि तुमचं घर कुठे आहे ते एकदा समजाव तिला."

मग बाबांनी माझ्या वतीनं स्वतः पाय धरले. धरून राहिले. झोपाळा थांबवायलाही खोतांनी वेळ घेतला.

वाटेत बाबा म्हणाले, "मी धरलं पाय. मिटलं आता."

"तुमी तुमच्यापुरतं धरलंत," मी म्हणाले.

उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा उघडली. मी वर्गात जाऊन बसले. गुरुजींनी विचारलं, "माफी मागितलीस?"

"नाही."

"मग ऊठ."

मी उठले नाही. त्यांनी दप्तर बाहेर टाकलं. मी ते उचलून आणलं आणि पुन्हा तिथंच बसले. आता हे खोतांच्या कानावर जाणार, मग बाबांना बोलावणं येणार, कदाचित घर मोडायला माणसं येणार, हे सगळं मला समजत होतं. घर मोडलं तर मोडू दे, असं मी तिथं बसून ठरवलं. आईला विचारलं नाही, बाबांना विचारलं नाही. ते नाही म्हणाले असते, आणि ते मला ऐकायचं नव्हतं.