आत्याच्या दारासाठी दोन इंच

आमच्या जीपइतके दगड अख्ख्या रायगड जिल्ह्यात दुसऱ्या कुठल्या गाडीच्या पोटाने खाल्लेले नाहीत. खोटं वाटत असेल तर कुडपणच्या वाटेवरच्या कुठल्याही धोंड्याला विचारा. प्रत्येकाच्या कपाळावर आमच्या गाडीच्या रंगाची टिकली आहे. डांबर संपून आत्याच्या वाडीकडे कच्ची वाट वळते, तिथे कातळाची एक पायरी आहे. तिथवर आली की जीप म्हशीसारखी बसायची. चारी चाकं जोर लावायची, पण मागच्या आसाचा लोखंडी गोळा कातळाला असा चिकटायचा, की मागच्या जन्मी दोघांची सोयरीक मोडली असावी.

एरवी मी गाडी तिथेच सोडून चालत गेलो असतो. पण आत्याला चालता येत नव्हतं. खुबा मोडल्यापासून ती आमच्याकडे, बिरवाडीला होती. कातळापासून डोलीतून नेऊ म्हटलं, तर म्हणाली, "डोलीत बाईनं दोनदाच बसावं. एकदा लग्नात बसले. दुसऱ्यांदा बसवायची तुला एवढी घाई हाय?"

गेल्या शिमग्याला वाडीतल्या गावदेवीची पालखी घरोघर फिरली, आणि आत्याच्या दाराला कुलूप होतं. पालखी अंगणाच्या कडेला जराशी थांबली आणि पुढे गेली. कुणा भल्या माणसाने हे तिला फोनवर सांगितलं. त्या दिवशी आत्या जेवली नाही. आमच्या आत्याने जेवण टाकणं म्हणजे सावित्रीने समुद्राकडे जायचं सोडून परत महाबळेश्वरला निघणं.

"यंदा दार मी माझ्या हातानं उघडणार," तिने शिमग्याच्या महिनाभर आधीच जाहीर केलं. "नायतर देवी म्हणंल, हे घर मोडलं."

मग गाडीच जमिनीपासून उंच उचलायची ठरली. कायमची. मुंबईहून स्प्रिंगचे जास्त बाक असलेले पाटे आणि लांब शॉकअप मागवले. शिमग्याच्या तोंडावर महाडमधल्या एकाही गॅरेजवाल्याला वेळ नव्हता, पण मी मोबाईलवर पाटे बदलायचा एक व्हिडिओ इतक्या वेळा पाहिला होता, की त्यातला गोरा माणूस मला आता जवळचा मेव्हणा वाटायला लागला होता. मदतीला काका आला. चहा पिईपर्यंत तो मदतनीस होता. कप खाली ठेवला तेव्हा मुकादम झाला होता. त्याचा अधिकारही तसाच. आमच्या बिरवाडीच्या गावदेवीच्या पालखीला दांडा बांधायचा मान त्याचा. त्याने बांधलेली पालखी कितीही नाचवा, गाठ सुटत नाही. एकदा म्हणे नाचवणारे थकून पडले आणि पालखी एकटीच नाचत राहिली. हे काकानेच सांगितलेलं, तेव्हा खरंच असणार.

अंगणात जॅक लावून जीप चढवली, सांगाड्याखाली सागाचे जाड ओंडके घातले आणि जुने पाटे सोडवायला घेतले. एक बोल्ट तर गंजून आसाशी एकजीव झाला होता. त्याच्यावर घण घातला तेव्हा पाचाडच्या लोकांना वाटलं, गडावर तोफा पुन्हा सुरू झाल्या. शेवटी तो निघाला. नवे पाटे बसले. आता फक्त आवळायचं राहिलं. चाकं अजून हवेत लोंबत होती.

"खाली घेऊ या का आधी?" मी विचारलं.

"येडा की काय तू!" काका गरजला. "सैल बांधलेलं भुईला लावायचं नाय. पालखी हातावर धरतात, मी आवळतो, मगच ती खाली. देवाला जे चालतं ते तुझ्या जीपला नाय चालत?"

पान्याच्या दांड्यावर लोखंडी नळी चढवून आम्ही दोघे तिला लोंबकळलो. प्रत्येक बोल्ट शेवटच्या श्वासापर्यंत आवळला. नारळ फोडला आणि जीप जमिनीवर उतरवली.

उतरली कसली! टाचा उंचावून खिडकीतून शेजारणीच्या घरात डोकावणाऱ्या बाईसारखी उभी राहिली. नाक्यापर्यंत चक्कर मारून आलो. रस्त्यात पडलेली विडी कुठल्या टोकाने विझवली होती, तेही मणक्याला कळत होतं. मागे विरजणाचं भांडं राहिलं होतं, त्यात घरी येईपर्यंत लोणी आलं.

आत्या काठी टेकत बघायला आली. जीपची पायरी तिच्या कमरेच्या वर. तिने एक पाय उचलून पाहिला आणि खाली ठेवला.

"आक्का, आम्ही उचलून बसवतो ना," काका म्हणाला.

"भाताची गोण हाय मी?" ती म्हणाली. "आणि बसले तरी ही खेचरावानी उडती. डाक्तरनं गचके खाऊ नको म्हटलंय."

आणि ती आत गेली. देवीच्या ओटीसाठी काढून ठेवलेलं हिरवं लुगडं तिने पुन्हा ट्रंकेत ठेवलं. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. काका नळी हातात घेऊन उभा होता, जणू पालखी त्याच्याच हातून पडली होती.

संध्याकाळी तिचं मन रमावं म्हणून बायकोने तिच्या हातात मोबाईल दिला आणि नेमका तोच व्हिडिओ लावला. आत्याला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. पण तिचा एक नेम आहे: कहाणी अर्धी टाकून उठायचं नाही, पाप लागतं. मी तो व्हिडिओ दरवेळी नवे पाटे चढेपर्यंत बघायचो. पुढे नुसती 'लाईक करा'ची भीक असणार, अशी माझी खात्री. आत्या शेवटपर्यंत बसली.

"अरे, हिकडं ये!" ती ओरडली. "हा बघ, गाडी भुईला टेकवतो, मग आवळतो. तुम्ही दोघांनी काय केलंत?"

मी पाहिलं. मग काकाने पाहिलं. मग आम्ही दोघांनी एकमेकांकडे न पाहता खूप वेळ पाहिलं.

वजन नसताना आवळल्यामुळे पाट्यांच्या टोकांची रबरं पीळ पडून अडकली होती आणि गाडीला अधांतरी धरून बसली होती. सकाळी चाकं जमिनीवर ठेवून बोल्ट सैल केले, तशी जीप कण्हली आणि बुडावर बसली. पुरती बसावी म्हणून काकाने शेजारपाजार बोलावला. "बसा रे, फुकट हाय!" कुणी म्हणेल सहा माणसं, पण मला तर अर्धी बिरवाडी आत दिसत होती. सगळ्यांनी मिळून गाडी शिमग्यासारखी डोलवली. ती माणसं उतरली, गाडी स्वतःच्या वजनावर स्थिरावली, तेव्हा काकाने शेवटचं आवळलं आणि कपडे झटकत म्हणाला, "पालखीची गाठपण खांद्यावर आल्यावर परत बघावी लागते. मी म्हणतच होतो." म्हणत कुठे होता, ते आजतागायत कुणी ऐकलेलं नाही.

गाडी आता जुन्यापेक्षा दोन इंचच वर होती. बायकोने स्वयंपाकघरातलं स्टूल लावलं. आत्या माझ्या खांद्यावर हात ठेवून आपली आपण चढली. लुगडं मांडीवर.

पोलादपूर सोडून घाट चढलो. कातळाच्या पायरीशी आलो. पहिल्या गिअरमध्ये, मुंगीच्या पावलाने वर घेतली. पुढची चाकं चढली. मागची चढली. खाली काहीच वाजलं नाही. काकाला हे पटेना. त्याने मला थांबवलं, उतरला, वाकून पाहिलं आणि मागे पडलेल्या कातळावर हात ठेवून म्हणाला, "नवा वरखडा नाय!"

कुलूप गंजलं होतं. काका घण आणायला निघाला, तर आत्याने डोळे वटारले. तिने खोबरेल सोडलं, किल्ली फिरवत राहिली, आणि दार उघडलं.

पालखी आली तेव्हा ती उंबऱ्यात उभी होती. तिने देवीची ओटी भरली, लुगड्याच्या घडीवरून हात फिरवला आणि देवीच्या कानाशी वाकून, पण सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "घर मोडलं नव्हतं गो बाय. ह्या पोरांची गाडी बुटकी होती."