चष्मा पुसून विचारलेला प्रश्न

चष्मा काढायचा, ओढणीच्या टोकाने पुसायचा, परत डोळ्यांवर चढवायचा आणि मग म्हणायचं, "मला एक कळत नाही." एवढं झालं की समोरच्याने सावध व्हावं. कारण तिला सगळं कळलेलं असायचं.

तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल. सगळ्यांचं लाडकं आणि नेमकं आपल्याच डोक्यात जाणारं. ही माझ्या डोक्यात जायची. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाला धक्का बसायला नको.

जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या एका टोकाला चर्चचं हॉस्पिटल आहे. दारादारावर क्रूस, आणि आत माणसं तशी प्रेमळ. तिथे मी आयटीत आहे. ती येईपर्यंत तिथली एकुलती एक मराठी बाई मी होते, आणि खोटं कशाला बोलू, त्याचा थोडा रुबाब होता. दिवाळीला चकल्या माझ्या. योगाबद्दल काही विचारायचं तर मला, जरी मला शवासनापलीकडे काही येत नसलं तरी. मग ही आली. मूळची सांगलीची, इथल्याच युनिव्हर्सिटीतून डॉक्टरेट झालेली, रेडिएशनच्या विभागात फिजिसिस्ट. वयाने माझ्यापेक्षा बरीच लहान. मला 'ताई' म्हणायची, तेही इतकं गोड की रागावायची सोय नाही.

पहिल्याच आठवड्यात ती कँटीनच्या आचाऱ्यासमोर उभी राहिली. चष्मा पुसला. "मला एक कळत नाही. भाज्यांच्या सूपमध्ये हॅम काय करतंय?" आचारी आधी गोंधळला, मग पोट धरून हसला. पुढच्या सोमवारपासून सूप खरंच भाज्यांचं झालं. मी इतकी वर्षं ते गुलाबी तुकडे चमच्याने बाजूला सारत बसले होते! घरी हे सांगितलं तर नवरा म्हणतो, "किती स्मार्ट आहे गं ती!"

"तू जेव," मी म्हटलं.

माझ्या दुसऱ्या बाळंतपणात माझा जीव जाता जाता राहिला होता. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, आता तिसरं नाही, म्हणजे नाहीच. गोळ्या मला चालत नाहीत, म्हणून तांबी बसवायचं ठरलं. नेहमीचा आरोग्य विमा इथे माझ्या वयाच्या बायकांना त्याचे पैसे देत नाही. पण हॉस्पिटलने आम्हा कर्मचाऱ्यांसाठी वर आणखी एक विमा काढला होता. चष्मा, दात, मसाज, पाठीचे व्यायाम, सगळं त्यात बसत होतं. माझी तांबी तेवढी बसली नाही. हॉस्पिटल चर्चचं, संततिनियमन चर्चला मान्य नाही, म्हणून हॉस्पिटलनेच ते वगळायला लावलं होतं. पैशांचं एक वेळ सोडा. पण माझ्या जिवाची काळजी मी घ्यायची आणि त्यात पाप यांना दिसायचं, हे फार झोंबलं. कोणाला सांगणार नव्हते. एका दुपारी कँटीनमध्ये तिच्यासमोर तोंडातून निघून गेलं.

"ताई, असं कसं?" तिने काटा खाली ठेवला. "तुमच्या जिवाचा प्रश्न आहे हा."

"जाऊ दे गं. खिशातून बसवून घेईन."

"तुम्ही घ्याल हो. सफाईच्या बायकांनी काय करायचं?"

मला धोका दिसायला लागला. माझी नोकरी कायमची होती, पण तिचा करार मुदतीचा, बेफ्रिस्टेट. तो वाढवायचा की नाही हे व्यवस्थापकांच्या हातात. आणि नोकरी गेली की व्हिसाचं गाडं अडलंच. मी म्हटलं, "तू यात पडू नकोस बाई. तुझा करार वाढायचाय अजून."

"ते आहेच," ती म्हणाली आणि ताटातला बटाटा संपवला.

मग आमची वर्षाची सभा आली. कॉफी होती, प्लमचा केक होता, व्यवस्थापक छान हसत विम्याचं कौतुक करत होते. शेवटी त्यांनी विचारलं, कोणाला काही शंका? तिने चष्मा काढला.

"मला एक कळत नाही," ती म्हणाली. "विम्यातून बायकांची तांबी का वगळलीत?"

व्यवस्थापक लाल झाले, पण शांतपणे म्हणाले, "हे घर चर्चचं आहे. जे आम्हाला मान्य नाही, त्याचे पैसे आम्ही कसे भरणार?"

तिने चष्मा उजेडाकडे धरला. "हा चष्मा तुमच्याच विम्यातला. यातून मी काय वाचते, हे तुम्ही मला कधी विचारलं नाहीत. मग हेच का विचारता?"

पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या ननने स्वतःचा चष्मा काढून पुसायला घेतला. मग मागून आचाऱ्याने टाळी वाजवली आणि अख्खा हॉल वाजवायला लागला. तिने माझं नाव घेतलं नाही, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी टाळ्या वाजवत होते आणि आतून माझा नुसता जळफळाट होत होता. तांबी माझी, दुखणं माझं, जीव माझा. आणि टाळ्या हिला!

पुढे कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींनी विषय लावून धरला आणि ती अट गुपचूप निघाली. मला तांबी बसली. उन्हाळ्यात तिचा करारही संपला, तो वाढवला नाही. जागाच उरली नाही, असं तिला फार नम्रपणे सांगण्यात आलं. तिने कुठे कुठे अर्ज केले, पण व्हिसा आधी संपला.

निघताना ती माझ्याकडे जेवायला आली. मी आमटी-भात केला होता. तिने दोनदा घेतला. "मला एक कळत नाही ताई, एवढी चांगली आमटी तुम्ही मला आत्ता खायला घालताय?" मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आवरली, कारण डोळे भरून आले होते. जाताना आपली सायकल मात्र तिने सफाईच्या बाईंना दिली. मला हवी होती ती. विचारायचं तरी!

परवा कॉरिडॉरमध्ये एका नव्या नर्सने माझा हात हातात घेतला. "तुम्हीच ना त्या? चष्म्याचा प्रश्न विचारणाऱ्या? मला तुमचे आभार मानायचे होते." भारतीय बाई आणि डोळ्यांवर चष्मा, माझं दोन्ही जुळत होतं. 'हो' अगदी जिभेवर आलं होतं माझ्या.

"नाही," मी म्हटलं. "ती दुसरी. ती भारतात परत गेली."

तिने माझा हात सोडला. "मग त्यांना कळवाल?"

घ्या, आता निरोप्याचं काम माझ्याकडे. संध्याकाळी सांगलीला फोन लावला आणि चडफडत सगळं सांगितलं. पलीकडे ती चष्मा पुसत असणार.

"मला एक कळत नाही ताई," ती म्हणाली, "तुम्ही 'हो, मीच' का नाही म्हणालात? तांबी तर तुमचीच होती."

सांगा, अशा बाईवर माणसाने जळू नये तर काय करावं?