गुंडूला तळ्यात सोडायला गेलो, त्याची गोष्ट

जे. पी. नगरच्या आमच्या फ्लॅटमधून गुंडूने आता जावं, असं आईने जाहीर केलं आणि आमची सहल ठरली. गुंडू म्हणजे डोळ्यांमागे लाल पट्टा असलेलं परदेशी कासव. बाबांनी हौसेने आणलं तेव्हा बिस्किटाएवढं होतं, आता ताटलीएवढं झालंय. टबात त्याला धड वळता येत नाही. मोठा टब मावेल तो फक्त बाल्कनीत, आणि तिथे आईचे गुलाब. बाबांचा गुंडूवर भारी जीव. 'निदान मोकळा तरी जगेल,' म्हणत त्यांनी बेळ्ळंदूरजवळचं एक लहान तळं हेरलं. निघताना आईने त्याच्या पाठीवर कुंकू लावलं, चमच्याने दही पुढे केलं. त्या खादाडाने ते मटकावलंही.

तुम्हाला जायचं असेल तर रविवारी सकाळीच निघा. एरवी आउटर रिंग रोडवर अर्धं आयुष्य जातं. वाटेत इडली-वडा, फिल्टर कॉफी. सोबत खालच्या मजल्यावरच्या सुमनक्का होत्या. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या चामराजपेटचं, त्यामुळे मराठीत कानडी मुरलेली.

तळं छोटं, पण काय गजबज! अर्धवट बुडालेल्या एकुलत्या ओंडक्यावर आपल्याकडची दोन काळी कासवं अंग शेकत बसली होती. शेजारी टिबुकली या चिमुकल्या पाणपक्ष्याचं तरंगतं घरटं. शेवाळावर किडे, किड्यांवर बेडूक, बेडकावर टपलेला बगळा. कोण कोणाच्या जिवावर जगतंय हे बघण्यात मी रमूनच गेले.

बाबांनी बादली काठावर टेकवली.

"स्वल्प थांबा अण्णा," सुमनक्का म्हणाल्या. "हे इथं खाणार काय?"

"काय वाट्टेल ते!" बाबा कौतुकाने सांगू लागले. "शेवाळ, मासे, बेडकांची पिल्लं, अंडी..." बोलता बोलता त्यांची नजर घरट्यावर गेली, मग ओंडक्यावर. "आणि उन्हातली जागा दुसऱ्याला देत नाही," ते हळूच म्हणाले.

"मग त्या दोघांनी कुठं जायचं?"

बाबा गुंडूच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मला फार वाईट वाटलं. शेवटी त्यांनी बादलीवर झाकण ठेवलं.

तळं म्हणजे नुसतं पाणी, असं मी आजवर समजत होते. तिथली एकेक जागा कोणाची तरी असते, हे परतीच्या ऑटोत डोक्यातून जाईना. आईला काय सांगायचं हेही सुचेना.

आईने दार उघडलं, बादलीत डोकावली. कुंकू तसंच होतं.

"दही खाऊन गेला होता, परत येणारच," एवढंच म्हणून ती बाल्कनीत गेली आणि गुलाबाच्या कुंड्या सरकवायला लागली. आमच्या घरात ऊन येतं ते तेवढ्याच कोपऱ्यात.