त्याच गाडीला दुसरा नारळ

मैत्रिणींनो, आज आळीत दोन वस्तू आल्या. आमच्याकडे पूजेचा नारळ, सहा आण्यांचा. आणि शेजारच्या डॉक्टर भाऊजींकडे दोन सीटची लाल मोटार, तिची किंमत ते सांगत नाहीत.

जुनी देऊन त्यांनी त्याच मॉडेलची सुधारलेली गाडी घेतली. नाव तेच, इंजिनही तेच म्हणे. फक्त दिवे बदलले, आणि दारांना वरखाली होणाऱ्या काचा आल्या.

मी नारळ घेऊन गेले, तर त्यांच्या आई ओसरीवरूनच म्हणाल्या, "पूजा तं मागंच झाली. सुनेनं नवं लुगडं नेसलं म्हणून पुन्हा लगन लावते का कोणी?"

आम्ही हसलो. डॉक्टरांच्या पत्नी मात्र सासूबाईंना हळूच म्हणाल्या, "आत्याबाई, त्या जुन्या गाडीत मी बसलीच कुठं जी? वाऱ्यानं डोईवर पदर राहत नाही म्हणून तुम्हीच नाही म्हटलं."

आत्याबाई उठून गाडीपाशी गेल्या. मग त्यांनी स्वतः काच वर करून पाहिली.

"फोड नारळ. आन् बस त्याच्या बाजूले. कळंबच्या गणपतीले जाऊन या दोघं."

गाडी वळेपर्यंत आत्याबाई फाटकात उभ्या होत्या.

मला तर वाटतं, देवाला हा नारळ पोचला. तुमच्याकडे काय करतात? उलट टपाली कळवा.