सुंदरा लेकीकडे जायची

आदल्या दिवशी दुपारी आम्ही दोघं ओट्यावर करंदी सोलत बसलो होतो. करंदी म्हणजे बारीक कोलंबी. माझी एक सोलून होईपर्यंत सुंदराच्या चार होत. माझ्या ताटलीकडे बघून ती म्हणाली, "अवो, करंदी हाय ती, पोथी नाय. वाचत काय बसलाव?" मी म्हणालो, "मला वाचता कुठं येतं धड." तर म्हणाली, "मंग सोला." रात्री जेवताना आणखी काही बोलली असेल. मला आठवतं ते एवढंच. पहाटे ती उठली नाही.

सुंदरा माझी बायको. मी चौथीत शाळा सोडलेला माणूस, लिहिणं हे माझं काम नाही. पण पामबीच रस्त्याकडेच्या त्या टॉवरातल्या लोकांनी तिला वर्षानुवर्षं दारात पाहिलं आणि ती कोण ते त्यांना ठाऊक नाही. म्हणून लिहितो.

तिचं माहेर खाडीपलीकडं, मोऱ्याला. लग्न होऊन आमच्या गावात आली तेव्हा इथं टॉवर नव्हते. खाडीपर्यंत आमची भातं आणि मिठागरं. मग जमिनी गेल्या, मी तुर्भ्याला कारखान्यात लागलो, सुंदरानं डोक्यावर पाटी घेतली. गावातल्या बाकीच्या बाया मासळी घेऊन बाजारात बसत. ही बाजारात बसली नाही. त्या एकाच टॉवरात जायची. निघताना पदर खोचायची आणि म्हणायची, "चलले लेकीकडं."

ते खरं होतं. आमची लेक दीड वर्षाची असताना तापानं गेली. आमच्यात एवढ्या लहान पोराला जाळत नाहीत, पुरतात. आमच्या शेताच्या बांधावर भेंडीचं मोठं झाड होतं, भाजीची भेंडी नव्हे, पिवळ्या फुलांचं, तिथं मी खड्डा घेतला. आमच्याच आगरातलं मीठ वर घातलं. पुढं त्याच जमिनीवर टॉवर उभा राहिला. सगळी झाडं गेली, पण भेंडीचं झाड बांधणाऱ्यांनी ठेवलं. शोभेला बरं दिसत असणार. त्याच्याभोवती हिरवळ केली, बुंध्याशी दिवे लावले. सुंदरानं रस्त्यावरून ते झाड ओळखलं आणि दुसऱ्याच दिवशी पाटी घेऊन गेटवर उभी राहिली. नंतर आम्हाला दुसरं मूल झालं नाही.

वॉचमन तिला मौसी म्हणत आणि मालाच्या लिफ्टनं वर सोडत. फ्लॅटचे नंबर तिला कळत नसत. तिचे नंबर वेगळे. पापलेटवाली, बोंबीलवाली, मुंडकी-नको-वाली. घरी येऊन सांगायची, "काचंतनं दिवसभर खाडी बघतात नि खाडीचा वास आला की नाक धरतात." एकदा मी विचारलं, तुला त्यांचा राग येत नाही का, आपल्या जमिनीवर बसलेत. म्हणाली, "उंचावर ऱ्हानारी मानसं, खाली बघितलं तर चक्कर येते त्यांना. राग कसला?" पाटी रिकामी झाली की ती भेंडीखाली बसून भाकरी खायची. एक तुकडा मोडून मुळाशी ठेवायची. मुंग्या नेतात, म्हणायची, पन मना ठेवायचा असतो.

मग सोसायटीत नवी कमिटी आली. लिफ्टला वास येतो, मासळीवाल्यांना आत बंदी. मासे आता फोनवरून मागवायचे, खोक्यातून येतात. वॉचमनचाही नाइलाज. सुंदरा तरी रोज जायची आणि गेटबाहेर उभी राहायची. मी म्हणालो, "अगं, नाय सोडत तर नाय सोडत. घरी बस." ती म्हणाली, "तुमी बसा घरी. बाप हाव तुमी, तुमाला जमल."

अकराव्या मजल्यावरच्या एक बाई तिच्याकडून नेमानं पापलेट घ्यायच्या. त्या गाडी थांबवून म्हणाल्या, "मावशी, टेन्शन घेऊ नका. मी कमिटीशी बोलते. तुमचा धंदा बुडणार नाही."

इथं सुंदरानं खरं सांगितलं. "ताई, मना धंदा नको. मना निस्तं झाडाखाली बसू द्या. माझी पोर हाय तिथं." कुठं पुरली, कशी पुरली, मीठ घातलं, सगळं सांगितलं. आमच्या गावात कुठल्याही बाईला हे सांगितलं असतं तर तिनं हात धरून आत नेलं असतं, आणि स्वतःही एक फूल ठेवलं असतं. सुंदराला वाटलं, बाई सगळीकडं सारखीच.

ती बाई वाईट नव्हती. रडली. सुंदराचे हात हातात घेतले. मग वर जाऊन नवऱ्याला सांगितलं, आणि नवऱ्यानं बिल्डिंगला. आमची मुलं खेळतात तिथं मढं आहे म्हणे. फ्लॅट कोण घेईल म्हणे. भटजी आणून शांती केली आणि दुसऱ्या दिवशी जेसीबी लावून झाड मुळासकट काढलं. खालची मातीसुद्धा भरून नेली.

सुंदरा गेटवरच होती. मातीचा डंपर बाहेर आला तेव्हा ती आडवी उभी राहिली. ड्रायव्हरला विचारलं, "झाडाखाली काय गावलं काय रं?" तो म्हणाला, "मिट्टी है मौसी, और क्या." कुठं नेतोस विचारलं, तर म्हणाला कळंबोलीकडं, भरावाला. घरी येऊन तिनं मला सांगितलं, "कायच नाय गावलं. माती होती." पाटी धुतली आणि पालथी घातली. त्यानंतर तिनं ती उचलली नाही. गावातल्या बाया विचारत, सुंदरे, लेकीकडं नाय गेलीस? ती म्हणायची, "लेकीनं घर बदललं."

मी तिला डॉक्टरकडे नेलं. त्यानं कागद बघून सांगितलं, वयानुसार सगळं ठीक आहे. ठीकच होतं. जेवत होती, झाडलोट करत होती, माझी चेष्टाही करत होती. फक्त संध्याकाळी ओट्यावर त्या टॉवरकडे पाठ करून बसायची. आधी तोंड करून बसायची.

ती गेली त्या दिवशी पुतण्यानं सगळीकडे फोन केले. मोऱ्याला केला, तुर्भ्याला माझ्या जुन्या सोबत्यांना केला. खाडीकाठी तिला जाळून आलो. पुतण्या म्हणाला, "तात्या, कोणाला कळवायचं राहिलं काय?" मी म्हणालो, "नाय." आमच्यात आई गेली की पहिलं लेकीला कळवतात. हे मी त्याला काय सांगणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टॉवरकडे गेलो. माती इथं राहिली की कळंबोलीच्या भरावात गेली, मला ठाऊक नाही. पण मला दुसरा पत्ता नाही. वॉचमन नवा होता. "बाबा, किसके यहाँ जाना है?" म्हणाला. मी म्हणालो, "आत जायचं नाय." झाड होतं त्या बाजूला फुटपाथवरून चालत गेलो आणि कंपाउंडच्या भिंतीशी उभा राहिलो. वॉचमन बघत होता. मी बोलायला लागलो तेव्हा त्याला वाटलं असावं फोनवर बोलतोय, त्यानं मान वळवली.

"बाय, तुझी आई गेली," मी म्हणालो. "काल पहाटं. झोपेत गेली, तरास नाय झाला."

भिंत उंच आहे, म्हणून पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं सांगितलं.