न खोडलेली ओळ

अमेरिकेच्या राज्यघटनेचं मूळ चर्मपत्र वॉशिंग्टनमध्ये अंधुक उजेडात, काचेखाली ठेवलं आहे. मुलीकडे गेलो होतो तेव्हा ते पाहायला रांगेत उभा राहिलो. माझ्यापुढे एक कृष्णवर्णीय गृहस्थ आणि त्यांची शाळकरी मुलगी होती. काचेला हात न लावता त्यांनी तिला एक ओळ दाखवली. लोकसंख्या मोजताना पाच गुलामांची तीन माणसं धरावीत, असं गुलाम हा शब्द टाळून तिथे लिहिलं आहे.

"मग हे खोडत का नाहीत?" मुलीने विचारलं.

"इथे खोडायची पद्धत नाही. दुरुस्ती शेवटी जोडतात. आपल्याला पूर्ण माणूस धरणारीही तशीच जोडली."

मला आमच्या हाउसिंग सोसायटीचं इतिवृत्त आठवलं. अंगाशी आलेल्या ठरावावर आम्ही पांढरी पट्टी चिकटवतो. वर्षभरात आपण कधी चुकलोच नव्हतो असं वाटायला लागतं. इथे चूक सुबक अक्षरांत तशीच आहे. पण जिच्या पूर्वजांबद्दल ती लिहिली, तिला ती वाचावी लागते. कौतुक करावं का, ते मला ठरवता येईना.

मुलगी अजून काचेत पाहत होती. "म्हणजे आपण शेवटी?"

"आपण नंतर," वडील म्हणाले. "आणि लागू होतं ते नंतरचं."