बाबांसाठी घेतलेला फिरन

बाबा सोसायटीच्या उतारावर स्कूटरवरून पडले आणि उजव्या खांद्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी हात छातीशी पट्ट्याने बांधून टाकला आणि सहा आठवडे तसाच ठेवायला सांगितला. दुखणं बाबांनी मुकाट्याने सोसलं. अडलं ते कपड्यांवर. जन्मभर सरकारी कचेरीत इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून गेलेला माणूस. एक बाही रिकामी लोंबत ठेवून घराबाहेर पडायला तयार होईना. धायरीतलं सकाळचं फिरणं थांबलं, रविवारी विहारात जाणंही थांबलं. अंगावर पंचा टाकून ते खिडकीशी बसून राहायचे. मी फार आग्रह केला की म्हणायचे, "मला बुजगावण्याची नोकरी नको."

हळूहळू बोलणंही कमी झालं. हिंजवडीहून परतताना बसमध्ये मला त्या खांद्यापेक्षा त्यांच्या गप्प बसण्याचीच धास्ती वाटायची.

त्या डिसेंबरात ऑफिसमधली एक मैत्रीण नोकरी सोडून चालली होती. तिला काहीतरी द्यावं म्हणून शनिवारी मी काश्मिरी वस्तूंच्या प्रदर्शनात गेले. अक्रोडाच्या लाकडाचे कोरीव ट्रे बघितले, शाली चाचपल्या, शेवटी कागदाच्या लगद्याची, चिनारची पानं रंगवलेली एक डबी घेतली. पैसे देताना विक्रेत्याकडे लक्ष गेलं. पन्नाशीचे गृहस्थ, अंगात गुडघ्याखाली येणारा सैल लोकरी फिरन, आणि त्याची डावी बाही रिकामी. मी चटकन नजर वळवली. तेवढ्यात डबी पिशवीत घालायला त्यांचा हात आतून बाहीत शिरला आणि बाहेर आला.

माझा चेहरा बघून ते हसले. "सवय आहे, दीदी," ते हिंदीत म्हणाले. "आमच्याकडे थंडीत निखाऱ्यांची शेगडी फिरनच्या आत धरतात. निम्म्या गावाच्या बाह्या रिकाम्याच असतात."

मी त्यांना बाबांचं सगळं सांगितलं. कोणता हात, उंची किती, एवढंच त्यांनी विचारलं आणि भरतकाम नसलेला एक राखाडी फिरन काढला. गळ्याची बटणं उघडून दाखवली. "आधी बांधलेली बाजू आत घ्या, मग डोकं. नाही आवडला तर उद्या परत आणा."

घरी बाबांनी तो लांबूनच न्याहाळला. "हा गाऊन कुणाचा?"

"काश्मीरमधले पुरुष घालतात, बाबा."

"मग त्यांनाच पाठवून दे."

मी वाद घातला नाही. त्या गृहस्थांनी सांगितलं होतं तेवढं फक्त सांगितलं. बाबांनी मान वळवून पुन्हा फिरनकडे बघितलं.

"सगळेच हात आत घेतात?"

"थंडीत, हो."

"आण इकडे."

बांधलेला हात आत सहज मावला. बाबा आरशासमोर उभे राहिले आणि डाव्या हाताने त्यांनी स्वतःच भांग पाडला. मी चहा ठेवायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला टेकून बराच वेळ नुसती उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी आम्ही रिक्षाने विहारात गेलो. दारातच त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याने विचारलं, "हात सुटला वाटतं?"

"नाही. आत आहे," बाबा म्हणाले, चपला काढल्या आणि पुढच्या रांगेत आपल्या जागेवर जाऊन बसले.